कालव्याचे पाणी आणि आकाशाची वाणी

शिवाजीनगरच्या आकाशवाणी केंद्रापासून पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहत फार दूर नाही. एकीकडून दुसरीकडे रिक्षाने जाण्यास जेमतेम अर्धा तास लागेल. परंतु सार्वजनिक जीवनात अंतर मोजण्याची मापे निराळी असतात. एका ठिकाणची हाक दुसऱ्या ठिकाणी किती वेळात ऐकू जाते, हे नागरी जीवनातील खरे अंतर होय. आणि त्या मापाने पाहिले तर ही दोन ठिकाणे एकाच शहरात आहेत की नाहीत, असा प्रश्न पडावा. मुठा उजव्या कालव्याच्या काठी राहणारी माणसे आणि एकेकाळी पुण्याचा स्वतःचा आवाज म्हणून ओळखले जाणारे नभोवाणी केंद्र यांचा परस्परांशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते तो संबंध अत्यंत निकटचा आहे, आणि येत्या पावसाळ्यापूर्वी त्याचा विचार करणे हे नगरपित्यांचे, राज्य सरकारचे व प्रसारभारतीचे कर्तव्य आहे.

प्रथम केंद्राविषयी. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले. मुंबईचे केंद्र हाताशी असताना शंभर-सव्वाशे मैलांवर दुसरे केंद्र कशाला, अशी शंका घेणे त्या काळी सोपे होते. त्या शंकेचे उत्तर केंद्राने आपल्या कामाने दिले. १ एप्रिल १९५५ रोजी रामनवमीच्या दिवशी तेथून 'गीतरामायण' सुरू झाले. सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत यांतून वर्षभर, आठवड्यामागून आठवडा, छप्पन गीते महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. ही गोष्ट पुणेकर आजही अभिमानाने सांगतात, आणि ते योग्यच आहे. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक याच केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत दीर्घकाळ काम करीत होता, हेही अनेकांच्या स्मरणात असेल.

परंतु या केंद्राच्या इतिहासातील दुसरे एक प्रकरण पुणेकर जवळजवळ विसरले आहेत, आणि आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकरी श्रोतृमंडळांचा एक प्रयोग झाला. पाच मराठी जिल्ह्यांतील दीडशे गावांत मंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा, एकूण वीस वेळा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम प्रसारित होई. गावकरी एकत्र बसून तो ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि आपल्या शंका व आपले अनुभव लिहून केंद्राकडे पाठवीत. त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली आणि पॉल न्यूरथ यांनी त्याचा वृत्तान्त लिहिला. जगातील अनेक देशांत त्या वृत्तान्ताचा अभ्यास झाला, आणि १९५९ नंतर ही मंडळे देशभर काढण्याचे धोरण ठरले.

या प्रयोगाचे मर्म काय? नभोवाणी हे एकतर्फी बोलण्याचे यंत्र नव्हे, तर ते ऐकण्याचेही साधन होऊ शकते, हे पुण्याने जगाला दाखवून दिले. सरकारी अधिकाऱ्याने सांगावे आणि खेडुताने मान डोलवावी, ही रीत मोडून खेडुताने विचारावे आणि अधिकाऱ्याने उत्तर द्यावे, अशी नवी रीत त्या तीन महिन्यांत रुजू पाहत होती. ती रीत पुढे शहरासाठी कोणी वापरली नाही. शेतकऱ्याला विचारण्याचा अधिकार मिळाला. पण कालव्याकाठच्या मजुराला, मोलकरणीला, हातगाडीवाल्याला तसा अधिकार देण्याची कल्पना कोणाला सुचली नाही.

आता कालव्याविषयी. खडकवासल्याचे धरण गेल्या शतकापूर्वीच्या शतकातले, १८७० च्या दशकात पूर्ण झालेले. त्यापासून निघालेला उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याला वळसा घालून स्वारगेटच्या बाजूने हडपसरकडे आणि तेथून दौंड-इंदापूरच्या शेतांकडे जातो. तो खोदला गेला तेव्हा शहर त्याच्यापासून दूर होते. शहर वाढत वाढत कालव्यापाशी आले, आणि पुढे त्याला ओलांडून गेले. कोठे बांधाला लागून रस्ते झाले, कोठे इमारती उठल्या, आणि पर्वतीच्या उतारावर कष्टकऱ्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. डाव्या कालव्याचे तर नावच तेवढे उरले आहे. पश्चिम पुण्यात ज्याला लोक 'कॅनॉल रोड' म्हणतात, त्याच्या नावातच काय ते पाणी आहे. उजवा कालवा मात्र जिवंत आहे. तो वाहता आहे, भरलेला आहे, आणि त्याच्या बांधाच्या खाली, पाण्याच्या पातळीच्याही खाली, माणसे राहत आहेत.

ही माणसे तेथे का राहतात, हा प्रश्न सभ्य दिवाणखान्यांत वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर याच परिसरात मिळेल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे फुटले, आणि नदीकाठचे पुणे उद्ध्वस्त झाले. त्या आपत्तीनंतर बेघर झालेल्या कुटुंबांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. समाजाने व सरकारने मिळून केलेले ते मोठे काम होते. संकटात सापडलेल्या माणसाला सुरक्षित जागा मिळवून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व पुण्याने तेव्हा मान्य केले होते. पुढच्या काळात दुष्काळाने, बेकारीने आणि गावातील दैन्याने हाकलून दिलेली जी माणसे पुण्यात आली, त्यांच्यावरही संकटच कोसळले होते. मात्र ते एका दिवसात न कोसळता हळूहळू कोसळले, म्हणून त्याची गणना आपत्तीत झाली नाही. पर्वतीच्या एका अंगाला आखीव रस्त्यांचे सहकारनगर आहे आणि दुसऱ्या अंगाला जनता वसाहत आहे. एकाच टेकडीच्या या दोन बाजू म्हणजे आमच्या गृहनिर्माण धोरणाच्या दोन बाजू आहेत.

२७ सप्टेंबर २०१८, गुरुवार. सकाळी अकराच्या सुमारास जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत कोसळली. पाण्याचा लोंढा खाली दांडेकर पुलाच्या वस्तीत शिरला आणि सिंहगड रस्ता पाण्याखाली गेला. पाऊस नव्हता, नदीला पूर नव्हता. शेकडो घरांतील धान्य, भांडी, कपडे, मुलांची दप्तरे आणि आयुष्यभर जमवलेली कागदपत्रे वाहून गेली. वेळ दिवसाची होती म्हणून प्राणहानी टळली. हाच प्रकार मध्यरात्री घडला असता तर काय झाले असते, याची कल्पना करण्यास फारशी प्रतिभा लागत नाही.

दुसऱ्याच दिवशी त्या वेळच्या जलसंपदा मंत्र्यांनी कारण सांगितले: उंदीर, घुशी, खेकडे आणि मुंगूस यांनी बांध पोखरला. या विधानावर पुष्कळ हसणे झाले. आम्ही त्यावर हसणार नाही. कारण मातीचा बांध प्राण्यांच्या बिळांनी दुबळा होतो, ही गोष्ट स्थापत्यशास्त्रात मान्य आहे. प्रश्न निराळाच आहे. उंदीर एका रात्रीत बांध पोखरीत नाही. बीळ होण्यास महिने लागतात, त्यातून पाणी झिरपण्यास आठवडे लागतात, आणि त्या झिरपण्याची ओल सर्वांत आधी कोणाच्या घराच्या भिंतीवर उमटते? बांधाखाली राहणाऱ्याच्या. जी बाई रोज सकाळी त्या बांधाशेजारून कामाला जाते, जो मुलगा तेथे खेळतो, जो म्हातारा उन्हाला तेथे बसतो, ते सारे त्या कालव्याचे बिनपगारी निरीक्षक असतात. त्यांना दिसते ते कार्यालयातील नकाशात दिसत नाही. मग त्यांनी पाहिलेली गोष्ट सांगायची कोणाला? कालवा जलसंपदा खात्याचा, वस्तीतील नळ व गटार महापालिकेचे, जमिनीचा वाद महसूल खात्याचा, आणि पुनर्वसनाचे प्राधिकरण आणखी वेगळे. चार दारे असलेल्या घराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक दारातून 'पलीकडच्या दारी जा' असे उत्तर मिळावे, तशी ही स्थिती आहे.

जवळजवळ एक वर्षाने, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, आंबिल ओढ्याला महापूर आला. कात्रजच्या बाजूने येणारा आणि दांडेकर पुलाखालून नदीला मिळणारा हा ओढा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह वळवला गेला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले, हे शाळेतील मुलांनाही शिकवले जाते. त्या ओढ्याची पात्रे दाबली गेली, काठ बुजवले गेले, आणि त्या रात्री अरण्येश्वर परिसरातील टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे मेली. शहर व जिल्हा मिळून वीसहून अधिक बळी गेले. एका सप्टेंबरात कालवा, दुसऱ्या सप्टेंबरात ओढा. त्यानंतर २४ जून २०२१ रोजी, पावसाळा तोंडावर आणि साथीचा रोग दारात असताना, दांडेकर पुलाजवळच्या ओढ्याकाठची घरे पाडण्यास महापालिकेची यंत्रे आली. शेवटी न्यायालयाने ते काम थांबवले. दोनदा पाणी आले आणि तिसऱ्यांदा बुलडोझर आला. या तिन्ही वेळा एक गोष्ट समान होती: ज्यांच्यावर प्रसंग आला, त्यांना आधी नीट सांगितले गेले नव्हते आणि नंतर नीट ऐकले गेले नाही.

आमच्या वाचकांपैकी कोणी मनात म्हणत असेल की हे झोपडपट्टीचे दुखणे आहे, त्याचा आमच्याशी काय संबंध? त्यांना २५ जुलै २०२४ ची पहाट आठवावी. त्या पहाटे खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेकांच्या घरात पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतील पक्क्या इमारतींच्या तळमजल्यांत पाणी शिरले. तेथे कर भरणारे, कर्जाचे हप्ते फेडणारे, मुलांना इंग्रजी शाळेत घालणारे लोक राहत होते. त्यांचीही तक्रार तीच होती: आम्हांला आधी कोणी सांगितले नाही. त्याच दिवशी डेक्कन परिसरात पाण्यातून सामान हलवताना विजेच्या धक्क्याने तीन तरुण गेले. पाण्याला सातबारा वाचता येत नाही; अधिकृत आणि अनधिकृत असा भेद ते करीत नाही.

क्युसेक या शब्दापाशीच थोडे थांबू. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे सव्वाअठ्ठावीस लिटर. पस्तीस हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडता येईल. परंतु पहाटे चार वाजता जागा झालेला माणूस असा हिशेब करू शकत नाही. त्याला हवे असते एवढेच: पाणी भिडे पुलावर किती वाजता येईल, एकतानगरीच्या कोणत्या गल्लीत चढेल, पुलाच्या वाडीने कोणत्या बाजूने बाहेर पडावे, मुले व म्हाताऱ्या माणसांना कोणत्या शाळेत न्यावे. आकड्याचे असे गल्लीच्या भाषेत भाषांतर करणारा कोणी तरी शहरात असावा लागतो. अभियंता ते करीत नाही, कारण ते त्याचे काम नव्हे. शासकीय परिपत्रक ते करीत नाही, कारण ते त्याच्या स्वभावात नाही. ते काम स्थानिक वृत्तसंस्थेचे आहे, आणि त्यातही ज्याला बातमी छापून येईपर्यंत थांबावे लागत नाही, त्या नभोवाणीचे आहे.

येथे आम्ही जून २०२३ च्या घटनेकडे येतो. आकाशवाणीच्या पुणे केंद्रातील प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तेथील बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून प्रसारित करावीत, असा आदेश निघाला. पुण्यात मोठी ओरड झाली. साहित्यिक बोलले, राजकीय पक्षांनी पत्रके काढली, जुन्या श्रोत्यांनी आठवणी लिहिल्या. अखेर केंद्रीय मंत्र्यांनी निर्णयाला स्थगिती दिली, आणि पुणेकरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. ती ओरड योग्य होती. परंतु तिच्यातील बराचसा सूर गतवैभवाचा होता. गीतरामायणाचे केंद्र, सुधीर फडक्यांचे केंद्र, आमच्या बालपणीच्या सकाळचे केंद्र बंद होऊ देणार नाही, असे सांगणारे पुष्कळ होते. कालव्याचा बांध फुटला तर दोन-अडीचशे किलोमीटरवरील वृत्तविभागाला दांडेकर पूल कोठे आहे हे कोण सांगणार, असे विचारणारे थोडे होते. स्मारकाचे रक्षण करण्याची तळमळ आणि सेवेचे रक्षण करण्याची तळमळ यांत फरक असतो. पहिली तळमळ स्थगिती मिळताच शांत होते. दुसरी स्थगितीनंतरच सुरू होते.

आणि स्थगिती म्हणजे रद्द करणे नव्हे. तिच्या आधाराने कोणतेही केंद्र जगत नाही. ते जगते उपयोगाच्या आधाराने. कागदोपत्री केंद्र चालू राहावे, उंच मनोरा उभा असावा, सकाळी ठरल्या वेळी बातम्या लागाव्यात, आणि तरीही शहराने आपल्या संकटाच्या घटकेला त्याच्याकडे वळू नये, अशी अवस्था येऊ शकते. त्या दिवशी ते स्थानिक केंद्र म्हणून संपलेले असेल. कोणत्या फायलीवर कोणी सही केली, याला मग महत्त्व राहणार नाही.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोहोंचा विचार करणे भाग आहे.

पहिला आक्षेप असा की आता नभोवाणी ऐकतो कोण? प्रत्येकाच्या खिशात मोबाइल फोन आहे. आपत्तीचा इशारा थेट फोनवर पाठवण्याची सोय सरकारने केली आहे आणि तिची देशभर चाचणीही झाली आहे. हे सारे खरे आहे. घरातील नभोवाणी संच कमी झाले, मध्यम लहरी ऐकणारे त्याहून कमी झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु फोनवर येणारा सरकारी इशारा हा शंखध्वनीसारखा असतो: काहीतरी घडते आहे एवढे तो सांगतो, काय करावे हे सांगत नाही, आणि त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. त्या पोकळीत मग अफवा शिरतात. पुराच्या दिवशी धरण फुटल्याच्या खोट्या वार्ता फोनवरून कशा पसरतात, हे पुणेकरांना सांगण्याची गरज नाही. आमचा आग्रह यंत्राविषयी नाही. लाकडी पेटीतून ऐका, रिक्षातील संचावर ऐका की फोनवर ऐका. पण बोलणारा आवाज ओळखीचा असावा, आपल्या गल्ल्यांची नावे त्याला ठाऊक असावीत, आणि चुकीचे सांगितले तर जाब देण्यास तो बांधलेला असावा. ओळखीचा, जाणता आणि जबाबदार असा आवाज म्हणजेच स्थानिक केंद्र. ती संस्था आहे, उपकरण नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. कालव्याच्या बांधाखाली घर बांधणे बेकायदा आहे. ज्यांनी धोका ओढवून घेतला त्यांची काळजी करदात्याने का वाहावी? या युक्तिवादात तर्काचा आभास आहे, पण न्याय नाही. या वस्त्यांत नळ कोणी दिले, विजेचे मीटर कोणी बसवले, रहिवाशांची ओळखपत्रे कोणी काढली, आणि निवडणुकीत त्यांच्या दारी हात जोडून कोण उभे राहिले? शहराने या माणसांचे श्रम आणि मते घेतली. धोक्याच्या घटकेला मात्र ती आपली नव्हेत असे म्हणणे हा व्यवहार सचोटीचा नाही. पुनर्वसन व्हावे, सुरक्षित जागी व्हावे, आणि ते रहिवाशांच्या संमतीने व्हावे, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु ते होईपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे. धोक्याची सूचना हे मालकी हक्काचे बक्षीस नव्हे. बुडणाऱ्याला हाक मारण्यापूर्वी त्याच्याकडे घराचा उतारा कोणी मागत नाही.

मग करावे काय? आमच्या सूचना साध्या आहेत, आणि त्यांपैकी एकीलाही मोठा खर्च नाही.

पहिली गोष्ट, जून ते ऑक्टोबर या काळात पुणे केंद्रावरून रोज सकाळी व रात्री शहराच्या पाण्याचे स्वतंत्र वृत्त द्यावे. चारही धरणांतील साठा, नदीत व कालव्यात सोडलेले पाणी, आणि त्याचा कोणत्या वस्तीवर काय परिणाम होईल हे गावठाण, पेठ, पूल आणि गल्ली यांच्या नावांनिशी सांगावे. विसर्ग वाढवण्याचा निर्णय झाला की तो प्रथम या वृत्तविभागाला कळवण्याचे बंधन जलसंपदा खात्यावर असावे. खाजगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे, पण हवामान, रहदारी आणि नैसर्गिक आपत्ती यांची माहिती देण्यास ती मनाई लागू नाही. तेव्हा हे वृत्त त्यांनीही त्याच क्षणी पुढे पोहोचवावे. करमणुकीच्या कार्यक्रमांतून पैसा मिळवणाऱ्यांनी वर्षातील पाच महिने एवढी नागरी सेवा करण्यास हरकत नसावी.

दुसरी गोष्ट, १९५६ चा प्रयोग शहरासाठी पुन्हा सुरू करावा. जनता वसाहत, दांडेकर पूल, टांगेवाले कॉलनी, पुलाची वाडी, एकतानगरी येथे श्रोतृमंडळे स्थापावीत. बांधावर कोठे ओल दिसली, ओढ्यात कोठे राडारोडा टाकला गेला, कोणती भिंत कलली, हे त्यांनी केंद्राला कळवावे. दर आठवड्याला ती निरीक्षणे वाचली जावीत, आणि संबंधित अभियंत्याने आपल्या नावानिशी त्यांची उत्तरे द्यावीत. उत्तर आले नाही तर तेही सांगितले जावे. हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. अर्ज फायलीत दडवता येतो; लाखो लोकांनी ऐकलेला प्रश्न दडवता येत नाही.

तिसरी गोष्ट, समाजनभोवाणीची. वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही छोटी केंद्रे काढण्याची मुभा आहे. माण तालुक्यातील म्हसवड येथे, दुष्काळी मुलखात, 'माणदेशी तरंग' हे केंद्र ग्रामीण स्त्रियांच्या आवाजात चालते. जे म्हसवडला जमते ते विद्येच्या माहेरघराला जमत नाही, असे म्हणण्याची पाळी येऊ नये. पर्वतीच्या पायथ्याशी असे केंद्र उभे राहावे आणि त्याचे संचालन तेथल्याच तरुण-तरुणींच्या हाती असावे. पुण्यातील महाविद्यालयांनी त्यांना शिकवण्यास पुढे यावे आणि स्वतः शिकण्यासही यावे.

चौथी गोष्ट भविष्याविषयी आहे. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगद्यातून पाणी नेण्याची योजना पुढे आली आहे. गळती थांबेल, पाणी वाचेल, बांध फुटण्याचा धोका टळेल, हे तिचे लाभ खरे आहेत. परंतु बोगदा झाल्यावर शहराच्या मध्यातून जाणारा कालव्याचा हा लांबलचक पट्टा कोरडा पडेल, आणि पुण्यातील मोकळ्या जमिनीकडे कोणाचे डोळे लागतात हे सर्वज्ञात आहे. त्या पट्ट्याचे काय होणार, काठावरच्या वस्त्यांना कोठे व कोणत्या अटींवर हलवणार, की तेथेच सुरक्षित घरे देणार, याची चर्चा योजनेच्या शेवटी नव्हे, आरंभीच झाली पाहिजे. ती त्या रहिवाशांच्या समोर, त्यांना समजेल अशा मराठीत, आणि त्यांना विचारता येईल अशा रीतीने झाली पाहिजे. पाण्याने घर गेले तर त्याला दैव म्हणता येईल. पाणी हटल्यानंतर घर गेले तर त्याला काय म्हणायचे?

पानशेतच्या आपत्तीची चौकशी प्रथम न्यायमूर्ती बावडेकरांकडे व त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती नाईकांकडे सोपवण्यात आली होती. तो सारा कागदपत्रांचा डोंगर बाजूला ठेवला तरी त्या पिढीच्या मनात एक साधी तक्रार शेवटपर्यंत राहिली. रात्रभर जवान वाळूची पोती टाकून धरण वाचवण्यासाठी झटत होते. त्याच रात्री शहर मात्र झोपले होते, कारण त्याला वेळेवर व स्पष्ट शब्दांत कोणी जागे केले नाही. १९६१ मध्ये शहराजवळ आठ वर्षांचे नभोवाणी केंद्र होते. २०१८ मध्ये पासष्ट वर्षांचे होते. २०२४ मध्ये त्याने सत्तरी ओलांडली होती, आणि शहराच्या प्रत्येक खिशात फोन होता. साधने वाढली, तक्रार तीच राहिली. याचा अर्थ उणीव साधनांची नाही. वेळेवर सांगण्याची जबाबदारी निश्चितपणे कोणाची, हे ठरवण्याचे आपण साठ वर्षे टाळत आलो आहोत.

ती जबाबदारी आता ठरली पाहिजे, आणि लेखी ठरली पाहिजे. महापालिका, जलसंपदा खाते आणि आकाशवाणी यांनी पावसाळ्यापूर्वी एकत्र बसून कोणी, कोणाला, किती वेळात कळवायचे याचा करार करावा आणि तो लोकांसमोर मांडावा. पुणेकरांनी आपल्या केंद्राचा अभिमान बाळगावा. परंतु त्याची खरी परीक्षा जुन्या गीतांच्या पुनःप्रसारणात होणार नाही. कालव्याच्या बांधावर ओल दिसली, असे वस्तीतील एखाद्या बाईने सांगितल्यानंतर ते शहराच्या कानी किती वेळात पडते आणि अभियंता बांधावर किती वेळात पोहोचतो, यावर ती होईल. त्या परीक्षेत उत्तीर्ण होणारे केंद्र कोणताही आदेश बंद करू शकणार नाही, कारण त्याच्या बाजूने उभे राहण्यास तेव्हा केवळ साहित्यिक नव्हे, तर कालव्याचा सारा काठ येईल.